आधी पडदा वाचा: स्टिक लावली आणि टीव्हीवर चित्रच नाही

संध्याकाळी साडेसातच्या पुढे फोन वाजला आणि पलीकडून "अगं, जरा येऊन जातेस का?" असं आलं, की कुणाच्या तरी टीव्हीवर काही दिसत नाहीये हे मला न सांगता कळतं. इंदूरला राजेंद्र नगरात आमच्या आसपास मराठी घरं पुष्कळ. बऱ्याच घरांतली मुलं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर थेट परदेशात. त्यांनी आईवडिलांसाठी हौसेनं स्टिक किंवा छोटा अँड्रॉइड बॉक्स पाठवलेला असतो, म्हणजे टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे सिनेमे आणि मालिका दाखवणारं यंत्र. (पुढे मी दोन्हींना बॉक्सच म्हणेन.) लावून द्यायला मात्र इथे कुणी नसतं. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई, इंजिनीयर वगैरे काही नाही. पण एकदा काकूंचा टीव्ही सुरू करून दिला आणि तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आलं.

दहातल्या आठ घरांत दारातच ऐकायला मिळतं, "वायफाय गेलंय बहुतेक." नाहीतर, "रिमोटचे सेल संपलेत." या दोघांना आधीच सोडून द्या. इंटरनेट नसलं तरी बॉक्स आपलं बोधचिन्ह दाखवतो, मग नेटवर्क मिळत नसल्याची तक्रार पडद्यावर लिहितो. रिमोट मेला असला तरी चित्र येतंच, फक्त ते हलवता येत नाही. पडदा पूर्ण काळा असेल तर राउटर बंद-चालू करण्यात अर्धा तास घालवू नका. गडबड तीनच ठिकाणी असू शकते: बॉक्समध्ये, टीव्हीमध्ये किंवा त्या दोघांना जोडणाऱ्या वायरीत.

पडदा काय म्हणतोय?

कशालाही हात लावण्याआधी टीव्हीसमोर उभं राहून नीट बघा. "काही दिसत नाही" या एका वाक्यात चार वेगळे आजार असतात.

"नो सिग्नल" असं लिहून आलं असेल तर टीव्ही ठणठणीत आहे. त्याला त्या खोबणीतून काही मिळत नाहीये, एवढंच तो सांगतोय. पडदा काळा आहे, पण त्याला मागून उजेड आहे आणि "नो सिग्नल" येत नाही, तर बॉक्स काहीतरी पाठवतोय पण दोघांचं जमत नाहीये. "मोड नॉट सपोर्टेड" किंवा तशा अर्थाचं काही आलं तर बॉक्स टीव्हीला झेपणार नाही एवढं मोठं चित्र पाठवतोय. आणि बोधचिन्ह येतं, जातं, पुन्हा येतं, असा खेळ चालू असेल तर बहुतेक वेळा वीज कमी पडतेय. यातलं आपलं कोणतं हे ठरवलं की पुढची निम्मी मेहनत वाचते. फोनवर कुणाला विचारणार असाल तरी पडद्यावरची अक्षरं जशीच्या तशी वाचून सांगा.

सोर्स

सोर्स म्हणजे टीव्ही कोणत्या खोबणीतलं चित्र दाखवतोय ते. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीतून घेणाऱ्या, दोन-तीन खोबणी असतात आणि प्रत्येकीवर बारीक आकडा छापलेला असतो. स्टिक दोन नंबरात खोचलीय आणि टीव्ही एक नंबर बघत बसलाय, हे सगळ्यात जास्त वेळा सापडतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मागच्या वर्षी एका काकांकडे मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं होती. काका सोर्सचं बटण दाबून दाबून थकलेले. हातात घेऊन बघते तर रिमोट केबलवाल्याच्या सेट टॉप बॉक्सचा. टीव्हीचा स्वतःचा रिमोट? "तो काय, जपून ठेवलाय." शोकेसच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड, आत सेल नाहीत. घड्याळातला सेल काढून घातला, सोर्स बदलला, आणि नाणेफेक दिसली. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच असतं: रोजच्या वापराला सेट टॉप बॉक्सचा रिमोट आणि टीव्हीचा खरा रिमोट कुठेतरी सुखरूप. तो आधी शोधा. नाहीच सापडला तर टीव्हीच्या खालच्या कडेला मधोमध किंवा मागे उजव्या हाताला बोटांनी चाचपा. एखादं बटण किंवा छोटी दांडी लागेल, त्यावरूनही सोर्स बदलता येतो.

सोर्सच्या यादीत एक-एक नाव निवडून प्रत्येकावर दहा-पंधरा सेकंद थांबा. लोक पटापट पुढे जातात. चित्र उमटायला काही सेकंद लागतात आणि तोवर हे पुढच्या नावावर पोचलेले असतात.

काही टीव्ही बॉक्स सुरू झाला की आपोआप त्याच्या सोर्सवर जातात. सॅमसंगमध्ये या सोयीला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर राहिलेल्या माणसाला सोर्स नावाची गोष्ट असते हेच माहीत नसतं. मग एके दिवशी लाइट जाऊन येते, टीव्ही दुसऱ्याच सोर्सवर उघडतो आणि मला फोन येतो.

वीज

आता बॉक्सकडे वळा. त्यावर दिवा असेल तर तो लागलाय का बघा. बऱ्याच स्टिकवर दिवा नसतो, तेव्हा पाच-दहा मिनिटं चालू ठेवून हात लावून बघा. कोमट लागली तर आत काहीतरी चालू आहे. अगदी थंडगार असेल तर वीजच पोचत नाहीये. एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण, भिंतीवरचं बटण, अडॅप्टरची ढिली पिन, हे सगळं ओळीनं बघा. आमच्याकडे सासूबाई टीव्हीमागची धूळ पुसायच्या आणि त्यांच्या फडक्याला प्लगचं वावडं होतं.

स्टिकच्या बाबतीत एक चूक फार होते. टीव्हीच्या मागे यूएसबीची खोबण दिसते, वायर तिथपर्यंत पोचते, मग अडॅप्टर कशाला? असं म्हणून तो खोक्यातच राहतो. साधी स्टिक ५ व्होल्ट आणि १ अँपिअर, म्हणजे ५ वॅट मागते. टीव्हीच्या जुन्या पद्धतीच्या यूएसबी खोबणीतून नियमानं अर्धाच अँपिअर मिळतो. स्टिक सुरू होते, बोधचिन्ह दाखवते, मग काम वाढलं की दम तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात टीव्ही बंद केला की काही टीव्हींची ती खोबणही बंद होते, म्हणजे स्टिक रोज नव्यानं उठणार. सोबत आलेला अडॅप्टर काढा आणि भिंतीत लावा.

तो हरवला असेल तर मोबाइलचा चांगला चार्जर चालतो. त्यावर ५ व्होल्ट लिहिलेलं असावं, अँपिअर १ किंवा त्याहून जास्त. अँपिअर जास्त असल्यानं बिघडत नाही, बॉक्स आपल्याला हवी तेवढीच ओढतो. व्होल्टच्या बाबतीत मात्र चूक परवडत नाही. गोल पिनेचे अडॅप्टर दिसायला सारखे असतात: राउटरचा बहुधा १२ व्होल्टचा, छोट्या अँड्रॉइड बॉक्सचा पुष्कळदा ५ व्होल्टचा. पिन मात्र दोन्हीकडे अगदी फिट्ट बसते. ५ व्होल्टच्या बॉक्सला १२ व्होल्ट दिले की तो जळतो. ओळखीच्या एका घरी हे झालंय. त्या दिवसापासून मी प्रत्येक अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहून ठेवते: "राउटर", "डबा", "लॅपटॉप". पाच रुपयांचं काम आहे.

वायर आणि खोबण

इथे हात घालण्याआधी टीव्ही आणि बॉक्स दोन्ही भिंतीवरच्या बटणानं बंद करा. एचडीएमआयची वायर चालू असताना काढता-घालता येते असं म्हणतात आणि कागदावर ते खरं आहे. पण राजवाड्याच्या मागच्या जुन्या घरांत अर्थिंगचा पत्ता नसतो. तिथे टीव्हीच्या मागच्या धातूला हात लागला की मुंग्या येतात आणि केबलची वायर जोडताना बारीक ठिणगी उडते. ती ठिणगी एचडीएमआयच्या नाजूक भागाला परवडत नाही.

एचडीएमआयच्या तोंडात एकोणीस पिना असतात. मोबाइलचा टॉर्च लावून दोन्हीकडे बघा: एखादी वाकलीय का, मध्ये धूळ, कोळ्याचं जाळं, क्वचित झुरळाचं अंडं. मऊ कोरड्या ब्रशनं साफ करा. तोंडानं फुंकू नका, थुंकीची वाफ जाते. मग वायर सरळ धरून शेवटपर्यंत दाबा. वरवर बसलेली वायर बसल्यासारखीच दिसते. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीत स्टिक आणि भिंत यांच्यात जागा नसते, ती तिरकी होऊन अर्धवट आत राहते. त्यासाठीच स्टिकच्या खोक्यात वीतभराची एक जोडवायर येते. बहुतेक लोक ती कशाची आहे हे न कळून टाकून देतात. खोकं अजून माळ्यावर असेल तर उतरवून बघा.

आता खरी परीक्षा. घरात सेट टॉप बॉक्स असेल आणि त्याचं चित्र टीव्हीवर नीट येत असेल तर तुमच्याकडे एक चालू वायर आणि एक चालू खोबण आहे. आपला बॉक्स त्याच वायरीनं त्याच खोबणीत लावा. चित्र आलं? मग बॉक्स चांगला, दोष वायरीत नाहीतर खोबणीत. आता वायर तीच ठेवून बॉक्स जुन्या खोबणीत लावा. तरीही आलं तर जुनी वायर गेलीय. नाही आलं तर ती खोबण गेलीय. स्टिक असेल तर वायरीचा प्रश्नच नाही, फक्त खोबण बदलायची. एका वेळी एकच गोष्ट बदला. आमचे एक भाऊजी वायर, खोबण, अडॅप्टर सगळं एकदम बदलतात. मग चित्र येतं, पण कशामुळे आलं हे कळत नाही आणि चांगली वायर कचऱ्यात जाते.

खोबण मेली तर घाबरू नका. पावसाळ्यात जवळपास वीज पडली की केबलच्या वायरीतून झटका सेट टॉप बॉक्समध्ये आणि तिथून टीव्हीच्या एका खोबणीत पोचतो. बाकीच्या खोबणी शाबूत असू शकतात, त्यातली एखादी वापरा. आणि यापुढे आभाळ गडगडायला लागलं की केबलची वायरही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून तो रस्ता बंद होत नाही.

वायर चालू आहे पण पडद्यावर पांढरे ठिपके चमचमतात किंवा चित्र क्षणभर जाऊन परत येतं, तेव्हा वायर जुनी आहे किंवा फार लांब आहे. ४के, म्हणजे फार बारीक तपशिलाच्या चित्रासाठी वायरीला सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत माहिती वाहून न्यावी लागते. पहिल्या सेट टॉप बॉक्सबरोबर आलेल्या वायरीकडून ती अपेक्षा करू नये. दीड-दोन मीटरची चांगली वायर पुरते. दहा मीटरची वायर भिंतीतून फिरवून आणायचा हट्ट असेल तर त्यासाठी वेगळ्या प्रकारची, महागडी वायर लागते.

दोघांची ओळख करून द्या

सगळं जागेवर आहे, दिवा लागलाय, सोर्स बरोबर आहे आणि तरी काळं. इथे बहुतेक लोक बॉक्स खराब म्हणून गुंडाळून ठेवतात. थोडं थांबा.

वायर जोडली की बॉक्स आधी टीव्हीला विचारतो, तुला किती मोठं चित्र झेपतं? टीव्ही आपली माहिती पाठवतो. मग बॉक्स विचारतो, चोरी होऊ नये म्हणून मी कुलूप लावून चित्र पाठवणार, तुझ्याकडे किल्ली आहे ना? या कुलपाला एचडीसीपी म्हणतात. ही देवाणघेवाण क्षणात होते, पण लाइट आल्यावर बॉक्स आधी जागा झाला आणि टीव्ही झोपलेलाच राहिला तर ती अडखळते. मग दोघंही चालू, दोघंही गप्प, लग्नात रुसलेल्या व्याह्यांसारखे.

उपाय सोपा आहे. दोन्ही उपकरणं भिंतीवरून बंद करा. रिमोटनं बंद केलेला टीव्ही डुलकी घेत असतो, त्याचा लाल दिवा जळत असतो, ते चालत नाही. एचडीएमआयची वायर काढा. दोन मिनिटं थांबा, चहाचं आधण ठेवून या. वायर लावा. आधी टीव्ही सुरू करा आणि बरोबर सोर्सवर आणा. "नो सिग्नल" दिसलं की मग बॉक्सला वीज द्या. मध्ये साउंडबार, स्प्लिटर, स्विच असं काही जोडलेलं असेल तर या वेळेपुरतं बाजूला ठेवून बॉक्स थेट टीव्हीला लावा. माझा अनुभव असा की सोर्स आणि अडॅप्टर यांच्यानंतर सगळ्यात जास्त टीव्ही या उपायानं सुरू होतात.

चित्र झेपत नाही तेव्हा

मुलानं सुट्टीत येऊन बॉक्स दिवाणखान्यातल्या नव्या ४के टीव्हीवर बसवला, सेटिंगमध्ये जाऊन ४के पक्कं केलं आणि परत गेला. आईनं तो उचलून आपल्या खोलीतल्या दहा-बारा वर्षं जुन्या टीव्हीला लावला. पडदा काळा, किंवा "मोड नॉट सपोर्टेड". सेटिंग बदलायचं तर पडद्यावर काही दिसायला हवं, आणि पडद्यावर तर काहीच दिसत नाही.

यावर कंपन्यांनी चोरवाट ठेवलीय. फायर टीव्हीच्या रिमोटवर वरचा बाण आणि सिनेमा मागे नेण्याचं (रिवाइंड) बटण, दोन्ही एकदम पाच सेकंद दाबून धरा. मग बॉक्स थोड्या थोड्या वेळानं एकेक आकार बदलून बघतो. चित्र दिसलं की तोच आकार ठेवायचा पर्याय निवडा. ॲपल टीव्हीत मागच्या पानावर जाण्याचं (बॅक) बटण आणि आवाज कमी करायचं बटण तसंच पाच सेकंद धरायचं, तो दर वीस सेकंदांनी आकार बदलतो. दोन्हीकडे धीर धरावा लागतो, मध्ये बटणं दाबू नका. इतर बॉक्सना अशी वाट असेलच असं नाही. सरळ मार्ग म्हणजे बॉक्स परत त्या चालणाऱ्या टीव्हीवर नेऊन डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये "ऑटो" किंवा १०८०पी (४केपेक्षा लहान, साधं एचडी) करायचं आणि मग आपल्या टीव्हीला लावायचा.

उलटाही प्रकार होतो. टीव्ही ४केचा, बॉक्स ४केचा, तरी चित्र साधंच किंवा मध्येच काळं. टीव्हीच्या बाजूनं त्या खोबणीला परवानगी द्यावी लागते. सोनीत "एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट" शोधा, सॅमसंगमध्ये "इनपुट सिग्नल प्लस", एलजीत "डीप कलर". मात्र ती चालू केल्यावरच पडदा काळा व्हायला लागला असेल तर परत बंद करा आणि वायर बदला.

जुना डब्बा टीव्ही

मल्हारगंजातल्या मावशींकडे अजून जाड पाठीचा टीव्ही आहे आणि तो बदलायचा नाही असा त्यांचा पण आहे. एचडीएमआयचं पहिलं प्रमाण जाहीर झालं २००२च्या अखेरीस, हा टीव्ही त्याच्याही आधीचा. मागे पिवळी, पांढरी, लाल अशी तीन भोकं. मावशींच्या नातवानं जेल रोडवरून कन्व्हर्टर आणला. काळी डबी, एका बाजूला एचडीएमआय, दुसऱ्या बाजूला तीन रंग. सगळं जोडलं, चित्र नाही. तास गेला. शेवटी मी डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर "एव्ही टू एचडीएमआय". एव्ही म्हणजे ती तीन रंगांची भोकं. आपल्याला हवा होता "एचडीएमआय टू एव्ही". दोन्ही डब्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात आणि चित्र एकाच दिशेनं जातं. दुकानदारानं बदलून दिला, पण कुरकुरत.

योग्य डबी मिळाल्यावरही दोन गोष्टी बघा. तिला स्वतःची वीज लागते, ती छोटी यूएसबी वायर शोभेची नाही. आणि टीव्हीचा सोर्स "एव्ही" किंवा "व्हिडिओ" वर आणा. अक्षरं बारीक आणि धुरकट दिसतील, ते तसंच राहणार. काही ॲपमध्ये मेनू दिसेल, पण सिनेमा लावला की काळं आणि नुसता आवाज. ते मघाचं कुलूप, जुन्या टीव्हीकडे त्याची किल्ली नाही. स्वस्त प्रोजेक्टर आणि स्प्लिटरवरही हेच दिसतं. मेनू दिसतोय आणि सिनेमाच काळा आहे, तर अडॅप्टर आणि खोबणीच्या मागे लागू नका.

आवाज येतो, चित्र नाही

हे एकदा तपासून घ्या. खोलीत अंधार करा, टीव्हीवर काहीतरी चालू ठेवा आणि टॉर्च पडद्याला जवळून तिरका धरा. उजेडाच्या गोलात फिकट आकृत्या हलताना दिसल्या तर चित्र आहे, पडद्यामागचे दिवे गेलेत. सेट टॉप बॉक्सवरही तसंच काळं दिसेल. हे मेकॅनिकचं काम आहे. पाठ उघडून बघायचा मोह आवरा, बंद टीव्हीच्या आतही काही भागांत वीज साठून राहते.

दुकानात जाण्याआधी

एवढं करून चित्र आलं नाही तर शेजाऱ्यांच्या टीव्हीला आपला बॉक्स लावून बघा. तिथे चालला तर आपला टीव्ही दाखवायचा, तिथेही नाही चालला तर बॉक्स. फॅक्टरी रीसेट, म्हणजे बॉक्स पुसून नव्यासारखा करणं, सगळ्यात शेवटी. त्यात सगळे पासवर्ड पुन्हा टाकावे लागतात आणि ते मुलाकडे असतात, आणि मुलाच्या देशात त्या वेळी रात्रीचे तीन वाजलेले असतात.

बॉक्स दुकानात न्यायचा ठरला तर वॉरंटीचं बिल, रिमोट आणि वायर बरोबर घ्या. काय काय करून बघितलं हे एका कागदावर लिहून न्या, म्हणजे काउंटरवरचा मुलगा पुन्हा सोर्सपासून सुरुवात करणार नाही. आणि अडॅप्टर घ्यायला विसरू नका. मी दोनदा विसरलेय, दोन्ही वेळा दुकानदारानं आपला अडॅप्टर लावला, बॉक्स चालला आणि मी रिक्षाचे पैसे देऊन घरी परत.